ठिपके तीन, वाहिनी एक, रिपोर्ट "नॉर्मल"

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. एएलटी फ्लॅपसाठी (मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट दुसऱ्या जखमेवर नेण्यासाठी) पेन्सिल डॉप्लरने मांडीवर तीन ठिपके काढलेत, उघडल्यावर परफोरेटर, म्हणजे खोल धमनीतून त्वचेपर्यंत येणारी बारीक वाहिनी, एकाच जागी सापडला, आणि इमेजिंग विभागाचा रिपोर्ट म्हणतो "रक्तप्रवाह नॉर्मल". डिट्टो.

पेन्सिल डॉप्लर रक्तप्रवाहाचा फक्त आवाज ऐकवतो, चित्र दाखवत नाही. सडपातळ मांडीत खालच्या मोठ्या धमनीचाच आवाज परफोरेटरचा वाटतो. चरबी जाड असेल तर परफोरेटर फॅशियातून (स्नायूंवरच्या पडद्यातून) बाहेर पडून तिरका जातो आणि ठिपका भलतीकडे पडतो. पण तुमचा खरा घात त्या रिपोर्टने केलाय.

आमच्याकडच्या अशाच एका विभागाने परफोरेटर मॅपिंगची (परफोरेटर कुठे आहेत ते शोधून खुणा करण्याची) विनंती "असा फॉरमॅट नाही" म्हणून परत पाठवली होती. मग मागणी केली कलर डॉप्लरची (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीची), आणि आलं काय, तर मोठ्या धमन्या मोकळ्या, शिरांत गुठळी नाही. अरे, ते विचारलंय कुणी? फारच मागे लागल्यावर त्यांनी त्वचेवर खुणा करून दिल्या, त्याही पाय बाहेर वळलेला असताना. ओटीत पाय सरळ केला की त्वचा सरकते आणि खुणाही. त्या पेशंटचा फ्लॅप चीर दिल्यावर हलवून मोठा करावा लागला. मांडीवरची जी जखम टाके घालून सहज मिटली असती, तिच्यावर त्वचारोपण आलं. फॉरमॅट मात्र शाबूत राहिला.

तेव्हापासून मी सोनोग्राफीचा प्रोब स्वतः हातात घेते. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी रागावू नये, शेजारी उभं राहून करणारे असतील तर त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही. लिनिअर, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्या. पायाच्या धमन्यांच्या प्रीसेटमध्ये स्केल जोरदार प्रवाहासाठी लावलेलं असतं, त्यात एखाद्या मिलिमीटरची वाहिनी दिसतच नाही. पीआरएफ (हेच ते वेगाचं स्केल) आणि वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी सेटिंग) खाली आणा, कलर बॉक्स लहान ठेवा, गेन (सिग्नल वाढवणारी सेटिंग) पडद्यावर रंगाचे दाणे दिसेपर्यंत वाढवून किंचित कमी करा. जेल भरपूर, दाब जवळजवळ नाहीच. दाबलंत की शीर आधी मिटते. पेशंटची स्थिती ऑपरेशनच्या वेळची.

खुणा दोन हव्यात: परफोरेटर फॅशिया भेदतो तिथे एक, त्वचेखाली पोचतो तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की त्याची दिशा कळते. शिवाय तो सेप्टममधून (दोन स्नायूंमधल्या पडद्यातून) येतोय की स्नायूतून, हेही पाहून ठेवा. स्नायूतून असेल तर डिसेक्शनला वेळ धरा. प्रोबखाली सरळ केलेली पेपरक्लिप सरकवली की तिची सावली पडद्यावर पडते, ती वाहिनीवर आणून मग खूण करा. जेल पुसून, त्वचा कोरडी करून पक्क्या मार्करने, नाहीतर सगळं धुऊन जातं.

हे सगळं हातापायांच्या फ्लॅपपुरतं. पोटाच्या डीआयईपी फ्लॅपसाठी (स्नायू न घेता पोटाची त्वचा आणि चरबी उचलतात तो) सीटी अँजिओच, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅनच, बरी असं मला अजून वाटतं. किरणोत्सर्ग आणि कॉन्ट्रास्ट आले तरी स्नायूतला अख्खा मार्ग एका नजरेत दिसतो. यावर दुमत आहे, माहीत आहे. आणि नकाशा कितीही चांगला असो, आधी फक्त आतल्या कडेची चीर द्या, परफोरेटर डोळ्यांनी पाहा, मगच बाकीची रेघ पक्की करा.

मशीन कोणतं आणि प्रोब किती मेगाहर्ट्झचा ते लिहा, म्हणजे सेटिंग्जचं नेमकं सांगता येईल.