वळवाच्या आधी: शिवार, गोठा आणि काजूची रास

प्रश्न: आम्ही घरचंच भाताचं बी धूळवाफेला (पावसाआधीच्या कोरड्या पेरणीला) वापरतो. गेल्या वर्षी उगवण विरळ झाली, जागोजागी नांग्या पडल्या. यंदा कुरी (पेरणीचं औजार) धरायच्या आधी काय करावं? (खानापूर तालुका)

उत्तर: आधी बी उगवतं का ते बघा. रास करताना दाणा कितीही टपोरा दिसला, तरी पावसाळी हवेत ओल धरलेलं बी आतून मेलेलं असू शकतं. सरसकट काढलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर रांगेत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी मोजा. ८० च्या वर कोंब आले तर बी चांगलं. ७० आले तर एकरी ३० किलोच्या जागी ३४ किलो घ्या. ६० च्या खाली आले तर ते बी पेरू नका. रयत संपर्क केंद्रातून (सरकारी कृषी केंद्रातून) नवं आणा.

मग मिठाचं पाणी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाका, ढवळा आणि वर तरंगलेली पोचट दाणे काढून टाका. तळाचं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा, कारण अंगावर मीठ राहिलं तर कोंबाला ते बाधतं. नंतर सावलीत पूर्ण २४ तास वाळवा. इथंच बहुतेकांची घाई होते. दमट बी चाड्यातून (कुरीवरच्या बी सोडायच्या वाडग्यातून) सुटत नाही, नळ्यात अडकतं आणि एका ओळीत बी पडलं, दुसरीत नाही, असं होतं. तुमच्या नांग्यांचं एक कारण हेच असू शकतं. वाळलेल्या बियाला किलोमागे ३ ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळा. जिवाणू खत लावायचं असेल तर ते थायरमनंतर, पेरणीच्या दिवशीच.

दुसरं कारण खोली. बी दोन बोटं खोल पडावं. वरचं बी पाखरं आणि मुंग्या नेतात, शिवाय हलक्या सरीनं ते फुगतं आणि पुढच्या कोरड्या उन्हात करपतं. फार खोल गेलेलं बी वरच येत नाही. म्हणून ढेकळं पूर्ण फोडल्याशिवाय कुरी घालू नका, आणि पेरल्यावर फळी फिरवून माती दाबा. तारखेचं म्हणाल तर रोहिणी (२५ मे) लागायच्या सुमाराला पेरा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं आणि एखादाच जोराचा वळीव झाला, तर सगळं उगवून येतं. पुढं पंधरा दिवस पाऊस नाही आला की रोप हातचं जातं. ही जोखीम कुणीही घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये म्हैस दूध कमी करते. हिरवा चारा नाही, फक्त पिंजर (भाताचा पेंढा) आहे. (बेळगाव तालुका)

उत्तर: म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला ऊन गायीपेक्षा कमी सोसतं. दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी ओता, पिण्याचं पाणी सावलीत ठेवा आणि वैरण पहाटे व रात्री घाला.

पिंजराचा कस युरियानं वाढतो, पण माप चुकलं तर जनावर दगावतं. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. एक थर पसरा, झारीनं सारखं शिंपडा, तुडवा, मग पुढचा थर. वर प्लॅस्टिक घालून कडा मातीनं बंद करा. २१ दिवसांनी उघडा, आधी नाही. खायला घालण्याआधी तासभर मोकळ्या हवेत पसरा, उग्र वास गेला पाहिजे. सुरुवातीला नेहमीच्या वैरणीत चौथा हिस्सा मिसळा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, रेडकाला हे मुळीच घालू नका. आणि युरियाचं उरलेलं पाणी बादलीत ठेवून जाऊ नका. तहानलेलं जनावर ते पिऊन टाकतं.

पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस राहिली असेल तर याच महिन्यात टोचून घ्या.

प्रश्न: सुट्टीला पुण्याची नातवंडं येतात. काजूच्या कामात त्यांना घ्यावं का? (जांबोटी भाग)

उत्तर: जरूर घ्यावं. गळलेली बोंडं वेचणं, बी पिळून वेगळं करणं आणि खळ्यावर पसरलेलं बी दिवसातून तीन-चारदा हलवणं त्यांना जमतं. बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. नखाचा वळ टरफलावर उमटला नाही, की गोणीत भरा आणि गोणी फळीवर ठेवा. ओलं भरलं तर गर काळा पडतो.

भाजणं आणि फोडणं मात्र मोठ्यांनीच करावं. टरफलातल्या तेलानं कातडीला फोड येतात, भाजताना ते उडतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो. फोडणाऱ्यानं हाताला आधी खोबरेल चोळावं. चुकून मुलाच्या हाताला तेल लागलं, तर आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग साबणानं धुवा, आणि तोवर त्याला तोंडाला, डोळ्यांना हात लावू देऊ नका.