'चिंता संवेदनशीलता'? छे!

एका समुपदेशक बाईंनी विचारलंय: मानसिक आघात आणि दारू अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्यांसाठीच्या पत्रकात 'अँक्झायटी सेन्सिटिव्हिटी'ला 'चिंता संवेदनशीलता' छापलंय, चालेल का?

नाही चालणार. संवेदनशील असतात ते कवी, आणि निवडणुकीत मतदान केंद्रं. इथे घाबरल्यावर अंगात जे होतं त्याचीच भीती आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढून छाती धडधडली की आपण 'दम लागला' म्हणतो. या माणसाला अ‍ॅटॅकच आल्यासारखं वाटतं. नाहीतर वेड लागेल, चारचौघांत हात कापताना दिसेल, याची धाकधूक. सरळ 'धडधडीची धास्ती' म्हणा. परिभाषावाले नाक मुरडतील, मुरडू देत. (ही धास्ती मोजायची १६ विधानांची प्रश्नावली अमेरिकेत १९८६ साली आली, त्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. योगायोग, पण मला आवडतो.)

खरी गंमत पत्रकातल्या 'व्यसन' शब्दात आहे. लोक 'वाईट सवय' म्हणून मोकळे होतात. धातू अस्, म्हणजे फेकणे. कौटिल्य म्हणतो, 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्': माणसाला भल्यापासून लांब भिरकावतं ते व्यसन. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात जुगार-दारूच्या पंगतीला आग, पूर, दुष्काळही बसलेत. आघात आणि बाटली, एकाच शब्दात! 'समानशीलव्यसनेषु सख्यम्' (स्वभाव आणि व्यसन सारखं, त्यांची मैत्री) हे ग्लास उचलून म्हणणाऱ्यांनो, माझ्या मते तिथेही व्यसन म्हणजे संकटच. जाणकार 'छंद' म्हणतात, म्हणोत बापडे.

आणि बघा कसं जुळतं. आघातानंतर छाती धडधडते, तिची धास्ती बसते, दोन पेग ती दाबतात. सकाळी दारू उतरली की हात थरथरतात, छाती पुन्हा धडधडते. पुन्हा बाटली.

'अभ्यास'ही त्याच अस्‌चा, व्यसनाचा सख्खा भाऊ. उपचार म्हणजे तोच अभ्यास, पुन्हा पुन्हा करणं: जागच्या जागी पळायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, धडधड ही नुसती धडधड वाटेपर्यंत.

'व्यस्त'ही त्याच घरचा. मराठीत व्यस्त म्हणजे उलट; शाळेतलं व्यस्त प्रमाण आठवा. तुमच्या पत्रकाच्या तळाशी छापलंय, 'समुपदेशक व्यस्त असल्यास थांबावे'. 'कामात असल्यास' करा, बाई. ते आधी.