वाचकांचे प्रश्न : वेटसूट वाळवण्याचा घरगुती स्टँड

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पुण्यात राहतो. हिवाळ्यात दोन-तीनदा मालवणला आणि जमल्यास एकदा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगसाठी जातो. भाड्याचे सामान अंगाला नीट बसत नाही म्हणून गेल्या वर्षी वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख), बूट, बीसीडी जॅकेट (तरंगणे सांभाळण्यासाठी हवा भरायचे) आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारे उपकरण) स्वतःचे घेतले. परतल्यावर सर्व सामान धुऊन गॅलरीतल्या दोरीवर, तारेच्या हँगरला लावून कडक उन्हात वाळवतो. तरीही एका मोसमात सूटच्या खांद्यांवर हँगरचे वळ उमटले, बुटांना कुबट वास येऊ लागला आणि पावसाळ्यात कपाटातून काढलेला सूट हाताला ओलसर लागला. तयार स्टँड महाग आहे. घरी करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : स्टँड घरी करता येतो आणि तो कसा करायचा ते पुढे सांगतोच; पण आपण पत्रात अखेरीस लिहिलेली तक्रार, म्हणजे वाळलेला सूट कपाटात पुन्हा ओलसर होणे, ही कोणत्याही स्टँडने जाणार नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेच येथे घडले आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा सूट, त्याच्या शिवणी आणि अस्तर मिळून दोन लिटर खारे पाणी धरून आहेत आणि ते तसेच वाळले, तर पाणी उडून जाते आणि सुमारे सत्तर ग्रॅम मीठ, म्हणजे चांगली मूठभर, कापडात राहते. हे मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि त्या दमटपणावर बुरशी पोसते. आपण सामान धुता हे खरे. पण मालवण ते पुणे हा दिवसभराचा प्रवास होईपर्यंत ते अर्धवट वाळते आणि झिपच्या दात्यांत, बटणांच्या फटींत मीठ घट्ट बसते. म्हणून पहिली धुलाई मालवणलाच करावी. तेथे गोडे पाणी पुरेसे मिळाले नाही, तर सामान ओल्या पंचात गुंडाळून झाकणाच्या टबात आणावे. ओले सामान एक दिवस ओलेच राहिले तर बिघडत नाही. खारे होऊन वाळले तर बिघडते.

घरी वीस लिटरच्या दोन बादल्या पुरतात, मात्र क्रम पाळावा लागतो. स्वच्छ पाण्यात प्रथम मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारे यंत्र) आणि रेग्युलेटर, मग जॅकेट, त्यानंतर सूट आणि सर्वांत शेवटी बूट, कारण वाळू बुटांतच असते. पाणी कोमट असावे, कढत नको. अर्धा तास भिजत ठेवल्याने जे निघते ते नळाखाली दोन मिनिटे धरून निघत नाही. सूटसाठी लहान मुलांच्या शांपूचे एक टोपण पुरे. कपड्यांची पावडर आणि ब्लीच मात्र टाळावे. (सूटमध्ये लघवी कोणीच करीत नाही, असे सगळेच सांगतात; तरीही सूट आतून उलटा करून धुवावा.)

जॅकेटच्या आत पाणी गेलेले असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फुगवण्याच्या नळीचे तोंड नळाखाली धरून, हवा सोडण्याचे बटण दाबून जॅकेटच्या आतली हवेची पिशवी एक तृतीयांश भरावी, चहूबाजूंनी हलवावी आणि जॅकेट उलटे धरून त्याच नळीने पाणी काढावे. असे दोनदा केल्यावर जॅकेट अर्धे फुगवून टांगावे, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत.

रेग्युलेटरबाबत सर्वाधिक जपावे लागते. फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, टोपी आधी कोरडी पुसून घट्ट बसवावी आणि बादलीत असताना सेकंड स्टेजचे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचे, पर्ज बटण (हवा जोराने सोडणारे) अजिबात दाबू नये, कारण हवेचा दाब नसताना ते दाबले की झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. मी सुरुवातीच्या काळात ‘आतूनही स्वच्छ व्हावे’ म्हणून हेच केले होते. पुढच्या सर्व्हिसिंगला उघडला तेव्हा आतले पितळ हिरवे पडलेले निघाले. त्यापेक्षा डाइव्ह संपताच, तेथील सिलिंडरला जोडलेला आणि दाबाखाली असतानाच तो गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे पाणी आत शिरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता स्टँड. लोखंड नको, ते खाऱ्या पाण्याने गंजते आणि गंजाचे डाग सूटवर उतरतात. नळकामाचा एक इंची पीव्हीसी पाइप सर्वांत सोयीचा. दोघांच्या सामानाला दहा फुटी तीन पाइप पुरतात. पहिल्या पाइपाचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करावेत, एक वरच्या आडव्या दांडीसाठी व एक खालच्या. उरलेल्या दोन पाइपांतून साडेपाच फुटांचा एकेक खांब काढावा. राहिलेल्या भागांपैकी एकातून फूटभराचे चार तुकडे पायांसाठी आणि दुसऱ्यातून तेवढेच चार तुकडे बुटांच्या खुंट्यांसाठी कापावेत. दोन एल्बो (काटकोनी जोड), आठ टी (तीन तोंडांचे जोड) आणि पायांच्या टोकांना चार टोप्या लागतील. प्रत्येक खांब तळापासून फूटभरावर कापून तेथे टी घालावी आणि त्यात खालची दांडी बसवावी. त्या दांडीवर चार टी, तोंडे वर करून, त्यांत खुंट्या. खालची दांडी चार टींमुळे पाच तुकड्यांत होते, तेव्हा टींनी व्यापलेली लांबी धरून तुकडे थोडे आखूड कापावेत. मी हा हिशेब विसरलो होतो आणि माझा पहिला स्टँड खाली रुंद व वर अरुंद, अगदी मोड्यासारखा झाला. पाइप चिकटवायचे सोल्युशन लावण्याआधी सगळा सांगाडा कोरडाच जोडून पाहावा. खांब पायांत बसतात ते दोन सांधे कधीच चिकटवू नयेत, म्हणजे स्टँड मोडून माळ्यावर ठेवता येतो. पायांत वाळू भरून टोप्या लावल्या की तो वाऱ्याने आडवा होत नाही.

भिजलेले दोन सूट आणि दोन जॅकेटे यांच्या भाराने वरची दांडी वाकते. म्हणून तिच्या पोटात बांबूची काठी सरकवावी. दांडीवरून, एल्बो बसवण्यापूर्वी, सांडपाण्याच्या तीन इंची पाइपाचे दीड-दीड फुटांचे दोन तुकडे ओवावेत. सूट हँगरला लावायचाच नाही. कमरेत दुमडून या जाड तुकड्यावर टाकायचा. निओप्रीन म्हणजे बारीक वायूचे बुडबुडे कोंडलेले रबर. ओल्या सूटचा सारा भार तारेच्या एका रेघेवर आला की तेथले बुडबुडे चेपतात आणि तोच वळ कायम राहतो. जाड गोलाईवर भार पसरतो. दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत जॅकेटे कोटाच्या रुंद लाकडी हँगरवर टांगावीत.

खुंट्यांना चहूकडून भोके पाडून बूट त्यांच्यावर तळवा वर करून ठेवावेत. पाणी खाली निथळते आणि हवा बुटाच्या टोकापर्यंत पोचते. कुबट वास तेथूनच येत असतो. घाई असल्यास, लहानपणी शाळेच्या ओल्या बुटांत कोंबायचो तसा वर्तमानपत्राचा बोळा घालून दर दोन तासांनी बदलावा. फिन्स (पायांत घालायची पोहण्याची पाती) आडव्या ठेवाव्यात. टोकांवर भिंतीला टेकवल्या की पाती वाकडी होतात.

ऊन मात्र टाळावे. त्यातले अतिनील किरण रबर कडक करतात आणि रंग उडवतात, तेव्हा गॅलरीची सावली आणि वारा पुरे. सूट आधी आतून बाहेर आणि मग सरळ करून वाळवावा. कपाटात डांबरगोळ्या ठेवू नयेत. तो वास रेग्युलेटरच्या माउथपीसला लागला तर पुढच्या डाइव्हला श्वासागणिक आठवण करून देतो.

प्रश्न : पणजीत हवा इतकी दमट आहे की सूट दोन दिवसांतही वाळत नाही. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमधून फिरवून घ्यावा, की हेअर ड्रायर लावावा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : दोन्ही नको. मशीनमध्ये सूटला नको तेथे घड्या पडतात आणि शिवणी ताणल्या जातात; हेअर ड्रायरची उष्णता एकाच जागी बसून चिकटवलेले सांधे सोडवते. वर सांगितलेल्या स्टँडपासून तीन-चार फुटांवर साधा टेबल फॅन, सूटच्या मोकळ्या पायांकडे आणि बाह्यांकडे तोंड करून, रात्रभर मंद गतीवर ठेवावा. सूट पिळायचा नाही. टांगण्यापूर्वी कोरड्या पंचात गुंडाळून हातांनी दाबला तर बरेचसे पाणी पंचातच उतरते. सकाळी काखेत आणि गुडघ्यामागे हात घालून पाहावा, कारण सर्वांत शेवटी वाळतात ते हेच भाग.