लॉनला भोकं पाडताय? आधी वाफसा पाहा

पावसाळा लागला की लॉनवाल्यांच्या चिठ्ठ्या येतात. यंदा जो तो दबलेल्या जमिनीत हवा-पाणी शिरावं म्हणून लॉनला भोकं पाडायचं विचारतो आहे, आणि बऱ्याच जणांनी आधी पाडून मग विचारलं आहे.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात आपोआप भेगा पडतात. मग वेगळी भोकं कशाला? (वणी)

भेग पडताना मुळं तुटतात आणि दोन भेगांमधलं ढेकूळ घट्टच राहतं. शिवाय रोज पाणी मिळणाऱ्या लॉनला भेगा पडतच नाहीत. पायांखाली दबतो तो वरचा दोन-तीन इंचांचा थर, आणि बहुतेक मुळं तिथेच असतात. भोकं लागतात.

आमचं लग्नाचं लॉन आहे. तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागतो. त्याच्या आठवडाभर आधी भोकं पाडली तर चालेल? (मूर्तिजापूर)

नाही. हरळीच्या जातीचं गवत थंडीत वाढ आवरतं, मग भोकं भरून यायची कशी? जुलै-ऑगस्टच्या उघाडीत एकदा पाडा. स्टेजसमोर आणि जेवणाच्या रांगांच्या जागी सप्टेंबरमध्ये पुन्हा. आणि पाण्याचा टँकर लॉनवर चढवणं आधी बंद करा.

पहिला दमदार पाऊस झाला, दुसऱ्याच दिवशी गड्यांकडून सब्बलीने भोकं पाडून घेतली. आता भोकांत पाणी साचतं, गवत पिवळं पडलं. (काटोल)

ओल्या काळ्या मातीत सब्बल घातलीत, दुसरं काय होणार? तुमच्या वावरात पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही डवरा घालता का? तिथे वाफशाची, म्हणजे माती चिकटही नाही आणि कोरडीही नाही अशी होण्याची, वाट पाहता, आणि अंगणातल्या लॉनला मात्र घाई. माती तीच आहे. चिकण माती ओली असताना सब्बल ती बाहेर काढत नाही, बाजूला दाबते. भोकाची भिंत लिंपल्यासारखी चकचकीत होते, त्यातून ना पाणी मुरत ना मुळी शिरत. एक भोक उकरून पाहा, बोटाला गुळगुळीत लागेल.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. तीन-चार इंच खोलवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर कामाला लागा. चपटा होऊन बसला तर थांबा, मग मजूर आज मिळतो आणि उद्या नाही, तरी थांबा. फारच कोरडी असेल तर अवजार शिरतच नाही. आदल्या दिवशी हलकं पाणी द्या.

अवजारही पोकळ हवं, मातीची कांडी बाहेर काढणारं. गावातला वेल्डर अर्धा इंची पाइपचे तिरपे कापलेले तुकडे पायाने दाबायच्या दांड्याला जोडून देतो. खोली तीन इंच, दोन भोकांत चार इंच. निघालेल्या कांड्या वाळू द्या आणि दाताळ्याने तिथेच फोडा.

पिवळेपणाचं म्हणाल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची, पाणी साचलं की वाढते. हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी करण्याआधी पानं कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

भोकांत वाळू भरायला ठेकेदार सांगतो. (आर्वी)

वाळूच्या ट्रॉलीचं बिल कोण लावणार, तेही विचारा. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून माती सैल होत नाही. चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. ओलं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

खिळ्यांची चप्पल घालून लॉनवर फिरलं तर चालतं का? (वरोरा)

फिरा, व्यायाम होईल.

आमच्याकडे जमीन वरून पांढरट दिसते. दुकानदार म्हणतो, जिप्सम टाका, भोकं पाडायची गरज नाही. (दर्यापूर)

तुम्ही पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या जमिनी-पाण्याच्या पट्ट्यात आहात, म्हणून हा सल्ला अर्धा तरी बरोबर आहे. सोडियममुळे चिकण मातीचे कण विखुरतात आणि छिद्रं बुजतात. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली गेला पाहिजे, आणि निचराच नसेल तर तो जाईल कुठे? म्हणजे भोकं आणि चर दोन्ही लागतात. किती जिप्सम, हे दुकानदाराने नाही, माती परीक्षणाने ठरवायचं. बोअरचं पाणीही तपासा. पाणीच खारं असेल तर वरचं सगळं फुकट. अकोल्याचं कृषी विद्यापीठ तुम्हाला दूर नाही. खारपाणपट्ट्याबाहेरच्या वाचकांनी हे वाचून पोती आणू नयेत. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम मुळात भरपूर असतं.

लॉनचे तुकडे हाताने ओढले की सतरंजीसारखे उचलले जातात. भोकं पाडू का? (मेहकर)

आत्ता नको. खाली फूटभर जागा उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी, मुळं तिने खाल्लीत. चार अळ्या बाटलीत घालून याच आठवड्यात तालुका कृषी कार्यालयात न्या. शेजाऱ्याने सांगितलेलं औषध ओतू नका, त्या लॉनवर तुमची पोरं लोळतात.