आधी पोच घे

प्रिय मुली,

तुझा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. मध्ये एकदा तू तुमच्या पावरी भाषेत काहीतरी बोललीस, ते समजलं नाही. बाकी सगळं समजलं. क्लार्क अनुसूचित जमातीच्या सरकारी शिष्यवृत्तीची यादी घेऊन भर वर्गात आला, "महाडीबीटीचे एसटीवाले उभे राहा" म्हणाला. तुम्ही चौघं उभे राहिलात, आणि सर फळा पुसता पुसता म्हणाले, "यांचं बरं असतं." आता तू विचारतेस, तक्रार करू की मुकाट्याने एमएस्सी संपवू?

धीर धर वगैरे मी सांगणार नाही. धडगावहून एकटी येऊन एवढ्या मोठ्या शहरात राहणाऱ्या मुलीला धीर मी काय शिकवणार? मला एकच सांगायचं आहे. लेखी दे आणि पोच घे.

तुमच्या मॅडम म्हणाल्या, मी बोलते त्या सरांशी. बोलू देत. भल्या बाई असतील. तरी तू लेखी दे.

२०१३ साली एका विद्यापीठात समान संधी कक्ष माझ्याकडे होता. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि एक कपाट. धारणीकडचा एक कोरकू आदिवासी मुलगा आला. प्रयोगशाळेत त्याला उपकरणाला हात लावू देत नसत. "तू नुसता बघ, मोडशील," म्हणत. त्याच्या हातात चार घड्या घातलेला फुलस्केप होता. घामाने त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. मी तो उघडून पाहिला नाही. म्हटलं, "कागद राहू दे, मी बोलतो. कागद गेला की माणसं बिथरतात." आणि प्रयोगशाळेतल्या लोकांशी खरंच बोललो, त्यांच्याच केबिनमध्ये चहा घेत. "बघतो," म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा गावी गेला, तो परत आला नाही. मार्चमध्ये वार्षिक अहवालाचा तक्ता भरायला आला. त्यात एक रकाना होता, 'प्राप्त तक्रारींची संख्या'. मी लिहिलं, 'निरंक'. खाली सही माझी आहे.

मी घाबरलो असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही. त्या मुलाला त्याच लोकांच्या हाताखाली अजून दीड वर्ष काढायचं होतं. गोडीने घ्यावं, असं मला मनापासून वाटलं. त्याच वर्षी सात मुलांच्या अडकलेल्या शिष्यवृत्त्या मी नुसत्या फोनवर सोडवल्या होत्या, त्यामुळे शब्दावर माझा भरवसा होता. पण शिष्यवृत्ती बहुतेक वेळा आळसाने अडते, तिथे चार वेळा फोन केला की काम होतं. अपमान करणाऱ्याला मात्र ते विसरलं जायला हवं असतं, आणि आपण तोंडी बोललो की त्याचं काम सोपं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तुला आज कळावं म्हणून एवढं लिहितोय.

आणि तू काही नवीन मागत नाहीस. वर्गात विद्यार्थ्यांची जात-जमात जाहीर करणं, त्यांच्यावर 'राखीव'चा शिक्का मारणं, हा भेदभाव आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, हेही त्यातच आहे. तुझ्या विद्यापीठात तो अधिकारी कोण, हे तुला दीड वर्षात कुणी सांगितलं नाही. अर्जात तेही विचार.

ज्या शिष्यवृत्तीसाठी तुला उभं केलं, ती कुठून आली माहीत आहे? १९४२ साली बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगोंना लेखी दिलं. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि आदिवासी मुलांना ती त्यानंतर मिळू लागली. लिनलिथगोंशी ते तोंडीही बोललेच होते. तरी कागद दिला.

तर आता ऐक. एक पान, जास्त नको. तारीख, तासिकेची वेळ, खोली क्रमांक. कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं. 'मला फार वाईट वाटलं' हे एका ओळीत लिही, चार ओळी नकोत. उभ्या राहिलेल्या बाकी तिघांना विचार. सही करतील तर उत्तम. नाही केली तर रुसू नकोस, त्यांनाही घरचे आहेत. दोन प्रती काढ. आवक विभागात (आमच्या वेळी बारनिशी म्हणत) एक दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. "ठेवून जा, नंतर देतो" म्हणाले तर तिथेच उभी राहा. घ्यायलाच नकार दिला तर कुलसचिवांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती सांभाळ. आवक क्रमांक हातात असला की उद्या माहितीच्या अधिकारात विचारता येतं, माझ्या या अर्जाचं काय झालं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुझ्या व्हॉइस मेसेजला आवक क्रमांक पडत नाही, बाळ.

अंतर्गत गुणांची भीती तुला वाटते. खोटी नाही ती. त्रास होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण अर्जानंतर गुण घसरले तर अर्जाची तारीख आधीची असेल, आणि ती शिक्क्यासकट तुझ्या फाईलमध्ये असेल. आज गप्प बसलीस आणि नंतर गुण घसरले, तर दाखवायला काय आहे तुझ्याकडे?

पुन्हा 'पण सर' म्हणून फोन करू नकोस. मसुदा कर, आज रात्रीच पाठव. भाषा जशी येईल तशी असू दे, मी फक्त तारखा आणि वेळा तपासेन. सोमवारी आवक विभाग उघडला की आधी तिथे जा, मग तासाला. शिक्क्याचा फोटो काढ आणि क्रमांक काय पडला ते मला कळव.

तुझा,
सर