वाचकांचे प्रश्न : जुन्या कॅमेऱ्याचा कार्ड स्लॉट

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी२०० आहे. कार्ड घालताना थोडे अडले, मी जोर दिला. तेव्हापासून पडद्यावर सी-एच-ए ही अक्षरे लुकलुकतात. टॉर्चने बघितले तर आत एक पिन आडवी झालेली दिसते. दुकानदार म्हणतात, पूर्ण बोर्ड बदलावे लागेल. पिन घरी सरळ करता येईल का? — कोल्हापूर

पिन तुटलेली नसेल तर बहुतेक वेळा येते. पण संधी एकदाच मिळते असे धरून चाला. पिनेचा धातू एकदा वाकला की त्या जागी कडक होतो. सरळ करताना तो दुसऱ्यांदा वाकतो आणि तिसऱ्यांदा सहसा मोडतो. म्हणून ‘थोडे इकडे, थोडे तिकडे’ करत बसू नका.

आधी ती पिन कोणती ते ओळखा. तुमच्या कॅमेऱ्यात चालते त्या कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ) कार्डाच्या खाचेत २५-२५ च्या दोन ओळींत ५० पिना असतात आणि दोन पिनांमधले अंतर १.२७ मिमी असते. पहिली ओळ १ ते २५, दुसरी २६ ते ५०. चार कोपऱ्यांपैकी १ आणि ५० या ग्राउंडच्या, तर २५ आणि २६ या ‘कार्ड आत आले’ हे कॅमेऱ्याला सांगणाऱ्या. प्रत्येक ओळीच्या बरोबर मध्ये, म्हणजे १३ आणि ३८ या जागी, वीजपुरवठा. कोपऱ्यातली ओळख-पिन वाकली असेल तर कॅमेरा कार्डच नाही असे समजतो. डेटाची पिन गेली तर कार्ड दिसते पण एरर येते; तुमची सी-एच-ए ही खूण त्यातलीच. मधली पिन शेजारणीला टेकली असेल तर प्रकरण गंभीर: तशा अवस्थेत कार्ड घालून कॅमेरा चालू केला तर शॉर्ट होऊन बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो. तेव्हा ‘बघू या चालतो का’ म्हणून पुन्हा कार्ड घालणे आजपासून बंद.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. सगळ्या पिना एका उंचीच्या नसतात. ग्राउंड आणि पुरवठ्याच्या पिना मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे कार्ड आत जाताना त्या आधी जुळतात. ओळख-पिना सर्वांत आखूड, म्हणजे त्या शेवटी जुळतात. कोपऱ्यातली आखूड पिन पाहून ती तुटली असा समज करून घेऊन अनेक जण उगाच घाबरतात.

साहित्य फार लागत नाही: दहापट मोठे दाखवणारे भिंग, चांगला टॉर्च, शिवणाची बारीक सुई आणि पिनेवर चढेल अशी पोकळ नळी. नळी म्हणून २० गेजची इंजेक्शनची सुई चांगली. तिचा बाहेरचा व्यास साधारण ०.९ मिमी आणि आतला ०.६ मिमी असतो, त्यामुळे ती पिनेवर चढते आणि शेजारच्या पिनांना लागतही नाही. १८ गेजची सुई बाहेरून सुमारे १.२७ मिमी, म्हणजे शेजारणीला ढकलणारच. सुईचे तिरपे टोक कापून, पॉलिशपेपरवर घासून सपाट करा आणि आतली कड टाचणीने मोकळी करा. शिसे काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलची धातूची नळीही चालते. काहीही वापरा, पण आधी एका धड पिनेवर अलगद चढवून बघा.

कॅमेऱ्याची बॅटरी काढा. खाच स्वतःकडे आणि उजेड तिरका ठेवा. पिन तळाला चिकटून झोपली असेल तर आधी सुईचे टोक तिच्याखाली घालून नळी शिरेल इतकीच उचला. मग नळी पिनेच्या मुळापर्यंत सरकवा आणि नळीसकट पिन एकाच संथ हालचालीत उभी करा. चुकते ते इथेच: नळी अर्धीच चढवली की पिन मुळाशी न वळता मध्येच मुरडते आणि तिला एसचा आकार येतो, तो नंतर निघत नाही. नळी काढून ओळीच्या एका टोकाकडून बघा, मग वरून बघा. दोन्हीकडून ती ओळीत दिसली तर थांबा. केसभर फरक राहिला तर राहू दे. कार्डाच्या भोकाचे तोंड थोडे पसरट असते, ते तेवढे सांभाळून घेते.

आता कार्ड तपासा. पिना वाकण्याचे कारण पुष्कळदा कार्डातच असते: एखादे भोक बुजलेले, चिरलेले, किंवा आत दुसऱ्या कुठल्या तरी पिनेचा तुकडा अडकलेला. असे एक कार्ड एकामागून एक कॅमेरे आणि रीडर खराब करत जाते. भिंगाखाली पन्नासही भोके बघा. शंका असेल तर ते कार्ड कॅमेऱ्यात घालू नका. त्यातले फोटो हवे असतील तर स्वस्तातला रीडर पणाला लावा.

पहिली चाचणी बॅटरी न घालता, स्वस्त आणि कमी क्षमतेच्या कार्डाने करा. कार्ड दोन्ही बाजूंच्या खोबणीतून सरळ जाऊ द्या. शेवटच्या चार-पाच मिलिमीटरला थोडा जोर लागणे स्वाभाविक आहे, तिथे पिना शिरत असतात. त्याआधीच अडले तर कार्ड तिरपे किंवा उलटे आहे. कार्ड बाहेर काढून पिना पुन्हा बघा, मग बॅटरी. कार्ड फॉरमॅट करा, पूर्ण भरेपर्यंत फोटो काढा आणि सगळे संगणकावर पूर्ण आकारात उघडून बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या छोट्या चित्रावर विसंबू नका.

काम झाले की सीएफ-एसडी अ‍ॅडॉप्टर, म्हणजे ज्यात छोटे एसडी कार्ड बसते असा सीएफच्या आकाराचा सांगाडा, घेऊन तो खाचेत कायमचा ठेवून द्या आणि पुढे फक्त एसडी कार्ड काढत-घालत जा. पिनांवरचा ताण संपतो. काही अ‍ॅडॉप्टर मंद असतात, सलग फोटो काढताना ते जाणवते. आणि जाडी ३.३ मिमीची, म्हणजे टाइप १, की ५ मिमीची, म्हणजे टाइप २, हे आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेशी पडताळून घ्या.

प्रश्न : आणि पिन मोडलीच असेल तर? — सांगली

मोडलेली पिन ग्राउंडची असेल तर तिची जोडीदार अजून शाबूत असते, त्यामुळे कॅमेरा चालूही शकतो. तो नशिबाचा भाग. बाकी बहुतेक पिनांसाठी पिनांचा पूर्ण ठोकळा बदलणे हाच मार्ग. दुकानात एकच प्रश्न विचारा: या मॉडेलमध्ये स्लॉट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला? वेगळा असेल तर त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा बोर्ड लावून काम होते. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात अशा पार्ट्सच्या कॅमेऱ्यांची चौकशी करता येईल. कंपनीकडे इतक्या जुन्या मॉडेलचा भाग मिळेल ही आशा फारशी धरू नका.

स्टुडिओत टेबलावरच काम असेल तर दुरुस्तीशिवायही भागते. निकॉन आणि कॅननची बरीच एसएलआर मॉडेले यूएसबी केबलने जोडून फोटो थेट संगणकात घेता येतात. जीफोटो२ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चांगले आहे. निकॉनमध्ये मेनूतली ‘कार्ड नसल्यास शटर बंद’ ही सेटिंग आधी बदलावी लागते.

प्रश्न : छोट्या कॅमेऱ्यात एसडी कार्ड आत ढकलले तरी राहत नाही, बाहेर येते. धरून ठेवले तर कधी चालते, कधी ‘कार्ड लॉक आहे’ असे येते. — रत्नागिरी

हे दोन वेगळे दोष आहेत. कार्ड धरून ठेवणारा खटका झिजला आहे किंवा त्यात वाळू अडकली आहे. हातपंपाने हवा मारून बघा; तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. तरीही राहत नसेल तर जाड कागदाची घडी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे बंद झाकणच कार्ड दाबून धरते. दिसायला गावठी, पण वर्षानुवर्षे टिकते. घडी इतकी जाड नको की झाकणाची बिजागरी ताणली जाईल.

‘लॉक’चे म्हणाल तर कार्डावरची सरकपट्टी कार्डाच्या आत कशालाही जोडलेली नसते. ती सरकलेली आहे की नाही हे स्लॉटमधली एक बारीक पत्ती चाचपते. पट्टी सैल झाली असेल तर दुसऱ्या कार्डाने प्रश्न सुटतो. पट्टी पडूनच गेली असेल तर त्या खाचेवर पातळ टेप घट्ट बसवून कड कापा. दोन-तीन कार्डांवर तीच तक्रार आली तर पत्ती गंजली किंवा वाकली आहे. समुद्राकाठी हे नेहमीचे. जुन्या, निकामी कार्डाच्या तोंडाला आणि कडेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बॅटरी काढलेल्या कॅमेऱ्यात ते आठ-दहा वेळा घाला-काढा, मग तासभर वाळू द्या. कापूस आत घालू नका. त्याचे तंतू स्प्रिंगच्या पत्त्यांत अडकतात आणि ओढताना पत्ती उचकटते.

प्रश्न : निकॉन डी५० नवीन ३२ जीबी कार्ड ओळखत नाही. स्लॉट बदलू का? — नाशिक

नको. डी५० २००५ चा आहे, एसडीएचसी प्रकार, ज्यात तुमचे ३२ जीबी कार्ड मोडते, २००६ चा. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी कार्ड शोधा.

प्रश्न : कॅनन ३५०डी कार्ड घातल्यावर चालूच होत नाही. — ठाणे

आधी झाकण बघा. या मॉडेलमध्ये कार्डाचे झाकण उघडे असले की वीज तुटते. झाकणाच्या कडेला एक प्लॅस्टिकचा दात असतो, तो बंद करताना कॅमेऱ्यातले बटण दाबतो. दात मोडला की झाकण लावूनही कॅमेऱ्याला ते उघडेच वाटते. टूथपिकने ते बटण दाबून कॅमेरा चालू करा. चालला तर स्लॉट ठणठणीत आहे, झाकण बदला. स्लॉटच्या नावावर दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत हे दुखणे वारंवार सापडते.

प्रश्न : मला बारीक सोल्डरिंग जमते. सीएफचा ठोकळा स्वतः बदलू का? — पुणे

सोल्डरिंगपेक्षा कॅमेरा उघडणे जास्त धोक्याचे आहे. आतल्या फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला राहू शकतो. २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद धरा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करू नका, शेजारच्या आयसी (चिपा) जातात. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साध्या फिलिप्स ड्रायव्हरने त्यांची डोकी घासतात. प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर आखून तिथेच चिकटवून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते.

पन्नास पाय एकदम सोडवायला हॉट एअर लागते आणि ठोकळ्याचे प्लॅस्टिक आधी वितळते. जुना ठोकळा तसाही टाकायचाच आहे. त्याचे पाय कटरने एकेक कापा, ठोकळा उचला, मग उरलेले तुकडे सोल्डरिंग आयर्नने काढा. लेड-फ्री, म्हणजे शिसे नसलेले, सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते. त्यात १८३ अंशांना वितळणारे शिसेयुक्त सोल्डर थोडे मिसळले की ते कमी उष्णतेत सुटते आणि बोर्डावरचे पॅड उखडत नाहीत. नवा ठोकळा आधी दोन टोकांना टाका मारून बसवा, कार्ड घालून तो सरळ आहे का बघा, मगच बाकीचे पाय. शेवटी शेजारी-शेजारी पाय जोडले गेले नाहीत ना, हे मीटरने तपासा. मात्र १ आणि ५० मध्ये जोड दाखवला तर तो दोष नव्हे, दोन्ही ग्राउंडच आहेत.