‘सीपीआर नको’, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न नको, असं आधीच सांगून ठेवायला लोक एवढे का कचरतात?

कारण सीपीआर दिला की माणूस उठून बसतो, असं बहुतेकांना वाटतं. यात टीव्हीचा वाटा मोठा. अमेरिकी मालिकांवरचा एक अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यांत सीपीआर मिळालेले सुमारे 75 टक्के रुग्ण तात्पुरते तरी वाचलेले दाखवले होते. प्रत्यक्षात रुग्णालयातच हृदय बंद पडलं तरी साधारण पाचातला एकच घरी जातो. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये त्याहून कमी. छाती किमान पाच सेंटीमीटर दाबावी लागते, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडणं तर नेहमीचंच. हे कळलं की बरेच वृद्ध मत बदलतात.

‘नको’ म्हटलं की बाकी उपचारही थांबतील, ही भीतीही असतेच. तसं नाही, वेदनाशामक, ऑक्सिजन, अँटिबायोटिक चालू राहू शकतात.

पण खरी अडचण नातेवाइकांची, असं मला वाटतं. आईसाठी ‘सीपीआर नको’च्या कागदावर सही करताना मुलाला वाटतं, आपणच आईला मारतोय. डॉक्टरही “काय करायचं, तुम्ही ठरवा” म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी “आईंना स्वतःला काय हवं असतं?” असं विचारलं, तर मुलाला निदान आईच्या वतीने बोलता येतं.